ड्रॅगोनाइटचं काय चुकलं?

परवा रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. आमरसाच्या चार वाट्या झाल्यावर माणूस जसा पडतो तसे मी आणि भाचा दिवाणावर पडलो होतो. त्याच्या हातात माझा जुना गेमबॉय. २००० साली कंपनीच्या कामासाठी सहा महिने अमेरिकेत होतो, तेव्हा डॉलर वाचवून जे काही आणलं त्यात हा डबा आणि पोकेमॉन रेडची लाल कॅसेट होती. पुढची वीसेक वर्षं दोन्ही माळ्यावर. गेल्या वर्षी काढलं तर खेळ चालू व्हायचा, पण सेव्ह होईना. आतला बटणासारखा सेल संपलेला, आणि तो डाग देऊन बसवलेला. शेवटी बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याने बदलून दिला आणि वर 'हे कोणासाठी?' असंही विचारलं. भाच्यासाठी, असं मी ताबडतोब सांगितलं. :)

तर भाचा शेवटच्या टप्प्याला पोचला होता. ज्यांना पोकेमॉन म्हणजे फक्त टीव्हीवरचा पिवळा उंदीर माहीत आहे (आई, हे तुझ्यासाठी), त्यांना थोडक्यात सांगतो. आपल्याकडे जास्तीत जास्त सहा प्राणी, समोरच्याकडे त्याचे. एकेक पुढे करायचा आणि पाळीपाळीने वार करायचे. प्रत्येक प्राण्याला नि प्रत्येक वाराला एक जात असते. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, 'सायकिक' म्हणजे मनाच्या शक्तीचा वार विषारी प्राण्यांना भारी. दगड-कागद-कात्रीच, फक्त तिथे तीन आणि इथे पंधरा. शेवटी चार उस्ताद एकामागून एक, आणि त्यांतला शेवटचा लान्स. त्याचा हुकमाचा एक्का म्हणजे ड्रॅगोनाइट, लेव्हल बासष्ट.

भाच्याचे पाच प्राणी आडवे झाले होते. उरला होता ग्लूम. हे एक लाळ गाळणारं, डोक्यावर फूल असलेलं झाड आहे. लेव्हल चोवीस. भाच्याने त्याला लढायला पाळलंच नव्हतं, वाटेतली झुडपं तोडायला एक प्राणी लागतो म्हणून ठेवला होता. "मामा, गेलो," भाचा म्हणाला. मीही मान डोलावली. ड्रॅगोनाइटकडे हायपर बीम आहे, एका फटक्यात विषय संपला असता.

पण ड्रॅगोनाइटने काय केलं? अ‍ॅजिलिटी. म्हणजे स्वतःचा वेग वाढवला. ग्लूमने विषाची पूड टाकली, ती चुकली. ड्रॅगोनाइटने बॅरिअर उभं केलं. पुन्हा पूड, या वेळी लागली. पुन्हा अ‍ॅजिलिटी. मग बॅरिअर. मग अ‍ॅजिलिटी. या दोन्ही गोष्टी एका मर्यादेपलीकडे वाढतच नाहीत, नुसतं 'काहीच घडलं नाही' अशा अर्थाची ओळ येते. ती ओळ येत राहिली, हा पठ्ठ्या व्यायाम करत राहिला आणि विष आपलं काम करत राहिलं. मधे लान्सने एकदा औषध पाजलं, त्याने फक्त सोहळा लांबला. ड्रॅगोनाइट पडला तेव्हा भाचा दिवाणावर उभा राहून ओरडत होता आणि ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"काय बावळट आहे रे तो," ताई म्हणाली. "आणि असं जिंकण्यात काय मजा? समोरचा मारतच नाहीये."

इथून आमचा वाद सुरू झाला. तो चहाला पुरून उरला म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं असं की तो बावळट नाही. हौशी मंडळींनी त्या कॅसेटमधला प्रोग्रॅम ओळ न् ओळ उलगडून ठेवला आहे, त्यामुळे त्याच्या डोक्यात काय चालतं ते बघता येतं. गवतात अचानक भेटणारे जंगली प्राणी नुसते चिठ्ठी टाकल्यासारखा वार निवडतात. लान्ससारख्या उस्तादांना मात्र एक जादा नियम दिलेला आहे: समोरच्याच्या जातीला जो वार भारी, तो निवड. ग्लूम अर्धा विषारी. विषाला भारी सायकिक. ड्रॅगोनाइटच्या चार विद्यांपैकी सायकिक जातीच्या कोणत्या? अ‍ॅजिलिटी आणि बॅरिअर. बाकी दोन साध्या. नियम सांगतो, पहिल्या दोनच बघ. या वाराने समोरच्याला लागतं तरी का, हा प्रश्न कोणी लिहिलेलाच नाही. त्यातून या खेळात कॉम्प्युटरची ताकद खर्ची पडत नाही, त्यामुळे मनात आणलं तर तो जन्मभर अ‍ॅजिलिटी करू शकतो.

म्हणजे हा मठ्ठ मुलगा नव्हे. हा गाइड तोंडपाठ केलेला मुलगा आहे. उत्तर बरोबर, फक्त प्रश्न कशाबद्दल होता ते त्याला कोणी सांगितलेलं नाही.

अशी मंडळी त्या खेळात भरपूर आहेत. लोरेलेई बाईंचा ड्यूगाँग समोर कुस्तीवाला आला की ठणठणीत असतानाही झोपायचा प्रयत्न करतो, कारण झोपणं हीसुद्धा कागदोपत्री सायकिक विद्या! ब्लेन नावाचे गृहस्थ आपल्या प्राण्याला साधं खरचटलेलंही नसताना औषध पाजतात. कोगाचा शेवटचा प्राणी वीझिंग कधीकधी स्वतःच फुटतो आणि सामना आपल्या पदरात पडतो. २०१४च्या फेब्रुवारीत ट्विच या साइटवर हजारो अनोळखी लोकांनी मिळून हाच एक खेळ खेळला होता. जो तो आपापलं बटण सुचवतोय, असा सगळा गोंधळ. त्यांच्याही एका विषारी पतंगाने, व्हेनोमॉथने, याच ड्रॅगोनाइटला याच कारणाने लोळवलं. सोळा दिवसांत तो जमाव जिंकला.

हे सगळं ऐकून ताई म्हणाली, "मग जिंकला तो नियम लिहिणाऱ्याच्या चुकीमुळे. ग्लूममुळे नाही."

मुद्दा बिनतोड होता. पण मला लहानपणचा कॅरम आठवला. बाबा मुद्दाम हरायचे. राणी भोकाच्या तोंडावर असताना त्यांचा स्ट्रायकर भलतीकडे जायचा. आठ-नऊ वर्षांचा असताना ते माझ्या लक्षात आलं आणि मी सोंगट्या उधळून दिल्या. (बाबा, सॉरी. एवढ्या वर्षांनी.) ड्रॅगोनाइट मुद्दाम हरत नाही. तो त्याच्या परीने जीव तोडून खेळतोय. त्यामुळे त्याला हरवणं ही दया घेणं होत नाही. भाचा पुढे जे करणार होता तेही मला दिसत होतं. तो वहीत लिहायला लागला होता, कोणासमोर कोण उभा केला की समोरचा काय करतो. याला मी खेळणंच म्हणेन. १९९६ साली हा खेळ जपानमध्ये आला, १९९७ साली डीप ब्लूने कास्पारोवला हरवलं. न हरणारा प्रतिस्पर्धी तेव्हाही बनवता येत होताच. पण तशा ड्रॅगोनाइटशी दहा वर्षांचं पोर किती वेळ खेळलं असतं?

एवढी बाजू मी घेतोय त्याला दुसरंही कारण आहे. ताईला ते माहीत नाही. आता कळेल.

२०११च्या सुमारास आम्ही डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी पेशंटना आठवणीचे मेसेज पाठवायचा प्रोग्रॅम केला होता. नियम मी लिहिला होता. शेवटच्या भेटीला सहा महिने झाले, नंबर नोंदलेला आहे, तर मेसेज पाठव. 'काका, आपली तपासणी बाकी आहे, अवश्य या' अशा प्रेमळ भाषेत. महिनाभरानंतर दवाखान्यातून एक फोन माझ्याकडे वळवला गेला. पलीकडचा माणूस शांत होता. म्हणाला, वडील जाऊन चार महिने झाले, त्यांचा फोन आई वापरते, आणि दर आठवड्याला मेसेज येतो. न आलेल्याला दर आठवड्याला पुन्हा पाठव, हेही मीच लिहिलं होतं. आई दर वेळी तो मेसेज वाचते आणि मला विचारते, यांना न्यायचं राहिलं का रे?

मी काय बोललो ते आता आठवत नाही. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. एक रकाना वाढवला, एक अट वाढवली. त्या दहा मिनिटांत मला सारखं वाटत होतं की हे सुचायला काय झालं होतं. सहकारी म्हणाले, अरे, एवढं कोणाच्या लक्षात येतं. येत नाही, हे खरंच. आमच्या चाचणीच्या यादीतले सगळे पेशंट जिवंत होते.

त्यामुळे एका जातीचा रकाना बघून निघालेल्या ड्रॅगोनाइटला बावळट म्हणताना माझी जीभ रेटत नाही. निदान त्याच्यामुळे एक पोर दिवाणावर नाचलं. ती खोड पुढच्या खेळात, १९९९च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये काढली म्हणे. काढायलाच हवी होती. मी असतो तर मीही काढली असती. तरी माझी लाल कॅसेट मी कोणाला देणार नाही.

बाकी त्या दिवशीची गोष्ट पूर्ण करतो. लान्सनंतर लगेच शेवटचा प्रतिस्पर्धी येतो. भाचा विजयाच्या तोऱ्यात होता. पडलेल्यांना उठवायचं सोडून त्याने ग्लूमलाच पुढे केलं. समोर आला पिजॉट नावाचा पक्षी. तोच नियम: समोरच्याच्या जातीला काय भारी? गवताला भारी पक्ष्याचा वार. पंखाचा एक फटका, ग्लूम आडवा.

"आता का नाही बावळटपणा केला याने?" भाचा रडकुंडीला येऊन म्हणाला.

ताई हसत होती. काल तिचा फोन आला होता, तो रोज शाळेतून आल्यावर अर्धा तास गवतात हिंडून ग्लूमची लेव्हल वाढवतोय. अठ्ठावीसवर गेला आहे. दुसरा एखादा दणकट प्राणी घे असं तिने सुचवलं, तर तो ऐकत नाही.