नकाशाची रेघ

थायलंड आणि कंबोडिया या शेजारी राष्ट्रांच्या सीमेवर २०२५ च्या जुलैत पाच दिवस तोफा धडधडल्या. मलेशियाच्या मध्यस्थीने त्या थांबल्या, आणि डिसेंबरात पुन्हा सुरू झाल्या. दोन्हीकडील लाखो खेडुतांना घरदार सोडून पळावे लागले. हा कलह त्यांनी निर्माण केलेला नव्हे.

१९०४ च्या तहाने पाणलोटाची रेषा ही सीमा ठरविली. १९०७ साली फ्रेंच अधिकाऱ्यांनी केलेल्या नकाशाने मात्र प्रेह विहिअरचे प्राचीन शिवालय कंबोडियाच्या हद्दीत दाखविले. १९६२ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मंदिर कंबोडियाचेच, असा निवाडा दिला. २०१३ साली त्याचा अर्थही स्पष्ट केला. तथापि सीमेचे कित्येक भाग जमिनीवर आखावयाचे राहिले, आणि त्या अनिश्चित भूमीवर उभय देशांतील राजकारणाने दुरभिमानाचे पीक काढले. न्यायालय निवाडा देऊ शकते. शेजारधर्म देऊ शकत नाही.

बांधाचा तंटा लाठीने मिटत नाही, मोजणीनेच मिटतो, हे आपल्याकडील साधा शेतकरीही जाणतो. सीमेच्या मोजणीसाठी या दोन राष्ट्रांनी २००० साली करार केला, संयुक्त आयोगही नेमला. त्या आयोगास निर्भयपणे काम करू देणे, हाच आमच्या मते शहाणपणाचा मार्ग होय. २७ डिसेंबर २०२५ रोजी पुन्हा शस्त्रसंधी झाली खरी. परंतु तोफेच्या जागी मोजणीची साखळी आल्यावाचून कोणतीही शस्त्रसंधी ही दोन लढायांमधील विश्रांतीच ठरते.