टाकीतला निळा चंद्र आणि आपली झोप

घरात माशांची टाकी आणायचे ठरले की चर्चा होते ती माशांची. गोल्डफिश घ्यायचे की गप्पी, फ्लॉवरहॉर्न वास्तूला चांगला की नाही, वगैरे. दिव्याचा विचार सगळ्यात शेवटी, तोही दुकानदारावर सोपवून. शहरात ही टाकी बहुधा हॉलमध्ये असते, आणि वन रूम किचनमध्ये तोच हॉल रात्री आजी-आजोबांची किंवा मुलांची झोपायची खोली होतो. त्यामुळे तिच्या दिव्याबद्दल डॉक्टरने चार शब्द लिहिले तर ते अस्थानी ठरू नयेत.

एलईडीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत वॅट छापलेले असतात. वॅटवरून वीज किती जाणार एवढेच समजते. उजेड किती पडणार हे लुमेन सांगतात आणि त्याचा रंग केल्विन. तीन हजार केल्विनच्या आसपासचा उजेड जुन्या बल्बसारखा पिवळसर, साडेसहा हजारांचा भर दिवसासारखा पांढरा आणि दहा हजारांच्या पुढे तो निळसर होत जातो. समुद्रातले प्रवाळ पाळणाऱ्यांना हा निळा उजेड खरोखर लागतो. पाणी लाल प्रकाश आधी शोषून घेते, खोलवर निळाच पोहोचतो आणि प्रवाळांच्या आत राहणारी शैवाले त्याच्यावर जगतात. आपल्या घरातल्या गोड्या पाण्याच्या टाकीत यातले काहीच नसते. तरीही ‘रंग खुलतात’ म्हणून तोच दिवा गळ्यात मारला जातो.

आता आपल्या डोळ्यांकडे वळू. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, ज्यांचे मुख्य काम आकृती दाखवण्याचे नाही, तर बाहेर दिवस आहे की रात्र हे मेंदूतल्या घड्याळाला कळवण्याचे आहे. त्यांच्यातले मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे निळ्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देते. तो डोळ्यांत जात राहिला की रात्रीची चाहूल देणारे मेलॅटोनिन कमी स्रवते आणि झोप लांबते. उजेड किती प्रखर आहे, किती जवळ आहे आणि किती वेळ आहे यावर हा परिणाम ठरतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या मंद दिव्याने फारसे बिघडणार नाही. उशाशी, डोळ्यांच्या पातळीवर रात्रभर जळणाऱ्या दिव्याची गोष्ट वेगळी. (एलईडीने डोळ्याचा पडदा जळतो, ही भीती मात्र घरगुती दिव्यांच्या बाबतीत अनाठायी आहे.)

म्हणूनच अनेक दिव्यांवर असणारे ‘मूनलाइट’ नावाचे निळे बटण मला खटकते. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड फार तर पाव लक्सच्या आसपास भरतो आणि तो निळा मुळीच नसतो. चंद्राच्या नावाखाली झोपेच्या वेळी नेमका नको तोच रंग विकला जातो. झोप येत नाही म्हणणाऱ्या रुग्णाला मी चहा आणि मोबाइलबद्दल विचारतोच, पण रात्री खोलीत काय पेटलेले असते हेही विचारतो. झोपेच्या गोळीची चिठ्ठी लिहिण्याआधी हा प्रश्न फुकटात विचारता येतो.

माशांचे तरी काय? त्यांना पापण्या नाहीत, डोळे मिटून घेण्याची सोय नाही. मेलॅटोनिन त्यांच्याही शरीरात रात्रीच वाढते. अंधार मिळाला नाही तर त्यांचीही विश्रांती बिघडते आणि वर टाकी शेवाळाने हिरवी होते ती वेगळीच. पाणवनस्पती असतील तर साडेसहा हजार केल्विनचा दिवा दिवसाला सहा ते आठ तास पुरे. नुसते मासे असतील तर त्याहून मंद दिवाही चालतो. काही शे रुपयांचा टायमर लावावा आणि झोपण्याच्या तास-दोन तास आधी टाकी अंधारात जाऊ द्यावी. सकाळी आधी खोलीतला उजेड होऊ द्यावा, मग टाकीचा, म्हणजे मासे बिचकत नाहीत.

पाणी शुद्ध करण्यासाठी मिळणारी यूव्ही-सी नळी दिव्याच्या जागी उघडी लावण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये. ती बंद कवचातच हवी. तिच्याकडे थोडा वेळ पाहिले तरी काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, पाणी वाहते आणि उजेड सहन होत नाही.

दिवा पाण्यात बुडणारा असेल तर त्यावर आयपी ६८ लिहिलेले पाहून घ्या. वायरीचा वळसा सॉकेटच्या खाली लोंबता ठेवा, म्हणजे ओघळणारे पाणी जमिनीवर ठिबकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. घरात आरसीसीबी नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून ३० मिलिअँपिअरची बसवून घ्या. आणि टाकीत हात घालण्यापूर्वी दिवा, फिल्टर, हीटर या सगळ्यांचे प्लग काढा, नुसते बटण बंद करून भागवू नका.