शेअर पडला, तेव्हा प्रश्न सुचला
लेस्टरच्या कारखान्यांत तासाला साडेतीन पौंडांवर कामगार राबवला जातो, ही बातमी जुलै 2020 मध्ये छापून आली. पंचविशीपुढच्या कामगाराचे किमान वेतन होते 8.72 पौंड! राबणारे बरेचसे आपल्याच उपखंडातून गेलेले. इंटरनेटवर कपडे विकणाऱ्या बूहू कंपनीचा शेअर गडगडला आणि भागधारकांना पुरवठादार आठवले. कंपनीचा खुलासा अपुरा म्हणत स्टँडर्ड लाइफ अ‍ॅबर्डीनने बहुतेक शेअर विकून अंग काढून घेतले. अ‍ॅलिसन लेव्हिट यांच्या चौकशीत दिसले, की वरिष्ठ संचालकांना हे डिसेंबर 2019 पर्यंत ठाऊक झाले होते. पुरवठादारांची यादी मात्र मार्च 2021 मध्ये जाहीर झाली.  आम्ही विचारतो, बुडालेल्या मजुरीचा हिशेब कोण मागणार?