शिवीत आहे, प्रश्नात नाही

मराठीत गुद या अवयवाला दोनच घरे आहेत : एक शिवीचे, दुसरे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकाचे. रुग्णाने डॉक्टरांशी बोलावे असे तिसरे घर आपण बांधलेच नाही. ही उणीव केवळ शब्दकोशाची नाही. तिची किंमत माणसे मोजतात.

ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, आपल्याला ठाऊक झाला तो गर्भाशयमुखाच्या कर्करोगामुळे. तोच विषाणू गुदमार्गातही वस्ती करतो आणि एचआयव्हीबाधिताच्या शरीरातून सहजी हटत नाही. पुरुषांशी शरीरसंबंध असलेल्या मुंबईतील ३०० एचआयव्हीबाधित पुरुषांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. दर दहांतील नऊहून अधिक जणांत तो आढळला. बहुतेकांचे त्याने काही बिघडत नाही. काहींत मात्र पुढे कर्करोग होतो. तो टाळता येतो. ३५ व त्याहून अधिक वयाच्या एचआयव्हीबाधितांत कर्करोगपूर्व बदलांवर वेळीच उपचार केले तर या कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहून खाली येते, हे अमेरिकेतील 'अँकर' चाचणीने २०२२ साली दाखवून दिले.

आता जिंतूर वा पाथरीकडच्या अशा एखाद्या पुरुषाला रक्त पडू लागले, तर तो काय म्हणेल? मूळव्याध, कारण चारचौघांत उच्चारता येण्याजोगा शब्द तेवढाच आहे. डॉक्टरांनीही तोच उचलला की तपासणी संपली. वास्तविक हातमोजा घातलेल्या बोटाने गाठ चाचपून पाहण्यास यंत्र लागत नाही. त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारण्याची भाषा लागते.

हा वैद्यकाचा विषय, साहित्याचा नव्हे. शिवाय आपल्या संस्कृतीत बसत नाही, हा शिष्टांचा ठरलेला आक्षेप. संस्कृतीचेच म्हणाल तर सुश्रुताने गुदाची गणना मर्मांत केली आहे. परभणी जिल्ह्यातल्याच गंगाखेडच्या जनाबाईचा विठ्ठल तिच्या डोक्यातल्या उवा काढतो. तिच्यावर प्रबंध लिहिणारे आपण देहाचा विषय निघाला की खाली मान घालतो. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना 'समाजस्वास्थ्य'मधून उत्तरे दिली म्हणून १९३४ साली र. धों. कर्व्यांवर खटला चालला. डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्वे खटला हरले, पण १९५३ साली मृत्यूने गाठेपर्यंत अंक काढीत राहिले.

प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले. भाषा मात्र तिथेच उभी आहे. एचआयव्ही म्हटले की आपल्या लेखनाला मृत्यूचे, नाहीतर पापाचे रूपक सुचते. एआरटीच्या गोळ्या घेत वीस वर्षे जगलेला, आणि जगला म्हणूनच आता कर्करोगाच्या वयाला पोचलेला माणूस त्या रूपकात मावत नाही.

साहित्याच्या शिक्षकांनी वैद्य व्हावे असे कोणी म्हणत नाही. एखाद्या शब्दावर अश्लीलतेचा शिक्का मारण्यापूर्वी तो कोणाच्या कामाचा आहे, एवढे वर्गात विचारले जावे. तो शब्द न सापडलेला रुग्ण लाजून घरी परततो. गाठ लाजत नाही. ती वाढत राहते.