काळ्या रेघेची किमया

मुलांनो, वर्गातली काच फुटली की सगळ्यांत आधी काय होतं? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो! आमच्या चौथीच्या वर्गातही तसंच झालं. मधल्या सुट्टीत चेंडू आला, खळ्ळकन आवाज झाला आणि मैदान क्षणात रिकामं झालं. मी रागाच्या भरात वर्गात म्हणून गेले, "ज्यानं फोडली त्यानं भरून द्यायची!"

दुसऱ्या दिवसापासून एक मुलगा शाळेत येईना. एकही दिवस न चुकवणारा मुलगा. चौथ्या दिवशी त्याची आई त्याला हाताला धरून घेऊन आली. म्हणाली, "बाई, पगार झाला की काचेचे पैसे देते. पण ह्याला शाळेत बसू द्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सहज बोललेलं वाक्य त्या पोरानं तीन दिवस उशाशी घेऊन काढलं होतं.

मी त्याला म्हटलं, "काच शाळा बसवेल. पण तोवर तिथे तो मळका पुठ्ठा लावलाय ना, त्याच्या जागी काहीतरी छान करायचं. ते काम तुझं आणि माझं." आणि आमच्या वर्गात एक नवा छंद शिरला. रंगीत काचेच्या चित्रांचा, म्हणजेच स्टेन्ड ग्लासचा.

मुंबईला कुलाब्यातलं अफगाण चर्च तुमच्यापैकी कुणी पाहिलंय? ते 1858 साली प्रार्थनेसाठी खुलं झालं. डी.एड.ला असताना आमची सहल तिथे गेली होती. बाहेरून पाहिलं तर खिडक्या अगदी काळपट. मनात म्हटलं, हेच पाहायला आणलं का आपल्याला? पण आत पाऊल टाकलं आणि बघतच राहिले! त्याच खिडक्या उन्हानं पेटल्यासारख्या लाल, निळ्या, पिवळ्या झाल्या होत्या. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि त्याला लागून असलेल्या राजाबाई टॉवरमध्येही अशा सुरेख खिडक्या आहेत. हा टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि आपल्या आईचं नाव त्याला दिलं.

आता गंमत ऐका. या खिडकीत काचेचा एकेक रंग म्हणजे एकेक वेगळा तुकडा असतो. मग ते तुकडे एकमेकांना धरून कसे राहतात? चित्रात ज्या काळ्या रेघा दिसतात ना, त्या नुसत्या रेघा नसतात. त्या असतात शिशाच्या पट्ट्या. दोन्ही बाजूंना खाच असलेल्या. एका खाचेत एक तुकडा, दुसऱ्या खाचेत दुसरा. जिथे दोन पट्ट्या भेटतात तिथे सोल्डरिंग करतात. रंग आपलं लक्ष वेधून घेतात, पण सगळा भार असतो त्या काळ्या रेघेवर.

हे आम्हाला कळलं ते चूक झाल्यावर! आम्ही खरी काच नाही, कागद घेतला होता. त्या मुलानं काळ्या कार्डशीटवर मधोमध झकास पतंग काढला. त्याला चारी बाजूंनी जाड काळी किनार ठेवली आणि भोवतीचं आकाश कापून टाकलं. कागद उचलला मात्र, "बाई, पतंग खालीच पडला!"

पडणारच! त्याला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. रांगोळीचा छापा आठवा. मधला ठिपका सुटून पडू नये म्हणून त्यालाही कुठेतरी जोड ठेवलेला असतो. मी उपाय सांगणार, एवढ्यात तोच म्हणाला, "बाई, मांजा काढू का?" पतंगापासून खालच्या चौकटीपर्यंत मांज्याची एक जाड रेघ, वरच्या दोन टोकांपासून कडेपर्यंत वाऱ्याच्या दोन रेघा. झालं! पतंग आकाशात ठाम उभा राहिला.

आता तुम्हीही करून पाहा.

साहित्य : काळं जाड कार्डशीट, लाल, पिवळा, निळा असा पतंगाचा कागद (जिलेटिन पेपरही चालेल), कात्री, डिंक, पट्टी, पांढरा खडू, रद्दी वर्तमानपत्र.

कृती : 1) आधी वर्तमानपत्रावर खऱ्या मापाचं चित्र काढा. पहिल्या वेळी सोपंच घ्या. पान, मासा, होडी. दहा-बारा तुकडे पुरे.

2) प्रत्येक रेघ साधारण अर्धा सेंटीमीटर जाड करा. मग एकेका रेघेवरून बोट फिरवा. ती दुसऱ्या रेघेला किंवा चौकटीला जाऊन भिडलीच पाहिजे. अधांतरी रेघ दिसली की तिला जोड द्या.

3) चित्र खडूनं कार्डशीटवर उतरवा. रंगांच्या जागा कापून काढा. मधला भाग कापताना कागद हलकेच दुमडून छोटी चीर द्या आणि तिथून कात्री आत घाला. ब्लेडला हात लावायचा नाही.

4) रंगीत कागदाचे तुकडे भोकापेक्षा थोडे मोठे कापा आणि मागच्या बाजूनं, फक्त कडेला डिंक लावून चिकटवा. पिवळ्यावर निळा कागद ठेवलात तर कोणता रंग दिसेल? मी नाही सांगणार! खिडकीशी धरून बघा.

5) वाळलं की ऊन येणाऱ्या खिडकीत लावा.

आमची पूर्वेची खिडकी. सकाळी साडेआठला ऊन आलं आणि पतंगाचा लाल-पिवळा ठिपका थेट हजेरीपटावर पडला. त्या दिवशी हजेरी घ्यायला मला दुप्पट वेळ लागला. ठिपका पुढच्या बाकावर सरकला तसे सगळे आपापली वही तिथे सरकवायला लागले!

दोन-तीन महिन्यांत मात्र लाल रंग विटला. पतंगाचा कागद तो, उन्हापुढे किती टिकणार? मग चर्चमधल्या खिडक्या दीडशेहून अधिक वर्षं कशा टिकल्या? कारण तिथे बहुतेक रंग काचेवर लावलेला नसतो, तो काचेतच असतो. काच वितळलेली असताना तिच्यात धातूंची संयुगं मिसळतात. कोबाल्टनं निळा रंग येतो, मँगेनीजनं जांभळा, लोखंडानं हिरवट आणि किंचितशा सोन्यानं चक्क लाल! फ्रान्समधल्या शार्त्र गावच्या कॅथेड्रलमध्ये बाराव्या-तेराव्या शतकातल्या काचा आजही आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, 1939 मध्ये, लोकांनी त्या उतरवून सुरक्षित ठिकाणी हलवल्या आणि युद्ध संपल्यावर परत बसवल्या.

कागदाची पायरी नीट जमली की दुसरी पायरी काचेवरच्या रंगांची. जुन्या फोटोफ्रेमची काच फ्रेममध्येच राहू द्या, म्हणजे धार लागत नाही. नळीतल्या काळ्या आउटलायनरनं रेघा काढा, त्या पूर्ण वाळू द्या आणि मगच रंग भरा. घाई केली की रंग रेघ ओलांडून शेजारी जातो.

तिसरी पायरी खऱ्या काचेची. ती हायस्कूलच्या मोठ्या मुलांसाठी, आणि तीही जाणकार माणूस शेजारी असेल तरच. त्याआधी फोटोफ्रेमच्या दुकानात जाऊन काका काच कशी कापतात ते बघा. पूर्वी त्यासाठी हिरकणी वापरत, आता बहुधा छोट्या चाकाचा कटर असतो. खरं म्हणजे काच कापली जातच नाही. काका तिच्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत, न थांबता, एकच ओरखडा काढतात आणि त्या ओरखड्यावर ती मोडतात. म्हणून तर खोल आत वळणारे आकार काचेत फार अवघड जातात.

पालकांना दोन शब्द : खऱ्या काचेचं काम करताना डोळ्यांना चष्मा आणि पायात बूट हवेतच. काचेचे कण हातानं झटकू नयेत, ब्रशनं गोळा करून कागदात गुंडाळावेत. शिसं विषारी असतं आणि सोल्डरिंगच्या तारेतही ते बहुधा असतं. त्यामुळे लहान मुलांना ते हाताळू देऊ नका. मोठ्यांनीही खिडक्या उघड्या ठेवून काम करावं, जवळ खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत आणि नंतर हात साबणानं धुवावेत. आणि अजून एक. मुलाच्या हातून काच फुटली तर आधी त्याचा हात बघा, मग काच. हे मी माझ्या चुकीतून शिकले.

आमच्या खिडकीला आता नवी काच बसली आहे. तिच्या आतल्या बाजूला काळी चौकट अजून आहे. लाल कागद विटला तेव्हा तो मुलगा स्वतःहून माझ्याकडे आला. "बाई, सगळं नवीन नको करायला. रेघा पक्क्या आहेत. नुसता कागद बदलू या."

आणि आम्ही तेवढाच बदलला.

बरं तर, पुढच्या आठवड्यात भेटू नव्या छंदासह. तोवर पिवळ्यावर निळा ठेवून बघितलात ना?

तुमची,
बाई