रस्ता ज्याचा, दप्तर त्याचे

बऱ्हाणपुरात एखाद्या बोळात फायबरच्या केबलसाठी चर खणला जातो, त्यावर मुरूम लोटून ठेकेदाराची माणसे निघून जातात आणि पहिल्याच पावसात तो चर खचून वाट अडते, तेव्हा ओट्याओट्यांवर जी चर्चा रंगते तिच्यात एक मत हटकून ऐकू येते. काम कंपनीचे, कागदही कंपनीपाशी, ते आपल्याला कोण दाखवणार, असे ते मत. अडाणी माणसाने असे म्हटले तर नवल नाही. परंतु वकिली केलेले आणि स्वतः नगर निगमाच्या पायऱ्या झिजवलेले गृहस्थही जेव्हा हेच सिद्धान्तासारखे सांगू लागतात, तेव्हा त्याचे साग्र खंडन करणे प्राप्त होते.

या मताचे मूळच चुकीचे आहे. केबल कंपनीची असेल, पण ती ज्या भूमीत पुरली जाते ती भूमी कंपनीची नव्हे. १८८५ च्या तार अधिनियमानेसुद्धा स्थानिक संस्थेच्या ताब्यातील जागेत तारा टाकण्यापूर्वी त्या संस्थेची परवानगी आवश्यक मानली होती आणि परवानगीला अटी जोडण्याची मुभा तिला दिली होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे केंद्रीय नियम आले. त्यांनी कंपनीच्या अर्जात काय काय असावे हे इतक्या तपशिलाने सांगितले की कोणत्याही चौकस नागरिकाला त्याहून अधिक काही विचारण्याचे कारण पडू नये. परवान्याची प्रत, टाकावयाच्या केबलचा तपशील, कामाची पद्धत व मुदत, दिवसाच्या कोणत्या वेळी काम होणार, लोकांची गैरसोय किती होणार व तिचा परिहार कसा करणार, सुरक्षिततेचे उपाय कोणते, हे सारे त्या अर्जात यावयाचे होते. प्रशासकीय शुल्काची कमाल मर्यादा किलोमीटरमागे एक हजार रुपये होती आणि रस्ता पूर्ववत करण्याबद्दल बँक गॅरंटीच्या रूपाने जामीनही घेता येत होता. १ जानेवारी २०२५ पासून २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाखालील नवे नियम लागू झाले असले, तरी त्याआधीच्या नस्त्या जुन्या नियमांप्रमाणेच चाळावयाच्या आहेत. असा अर्ज ज्या क्षणी निगमाच्या बारनिशीत रुजू झाला, त्या क्षणी तो निगमाच्या दप्तराचा भाग झाला. मग तो खाजगी कसा राहिला?

व्यापारी गुपिताची सबब मात्र अधिक सावधपणे तपासली पाहिजे, कारण तिला कायद्याचा थोडा आधार आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील कलम ८(१)(घ) व्यापारी गोपनीयतेला संरक्षण देते. पण त्याच कलमात व्यापक लोकहितासाठी माहिती उघड करण्याची सोयही आहे, आणि ही पुरवणी सांगताना आमच्या वकीलमित्रांचा आवाज खाली जातो. कंपनी पुढील वर्षी किती ग्राहक जोडणार, उपकरणे कोणाकडून काय भावाने घेणार, हे गुपित म्हणता येईल. परंतु शनवाऱ्यापासून जयस्तंभापर्यंत रस्ता किती लांब व किती खोल कापावयाचा आणि तो कोणत्या तारखेस बुजवावयाचा, यात गुपित ते कोणते? ज्या वस्तूवरून रोज हजारो पावले जातात तिची लांबी हे जर व्यापारी रहस्य ठरले, तर उद्या रस्त्यावरून चालणेही गुप्तहेरगिरीत मोडेल. कलम ११ प्रमाणे कंपनीची कैफियत मागवावी लागते, हे खरे. पण कैफियत ऐकणे निराळे आणि तिच्या हाती नकाराधिकार देणे निराळे. निर्णय अधिकाऱ्याचा असतो.

सुरक्षिततेच्या आक्षेपाला फार वेळ देण्याचे प्रयोजन नाही. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनेच ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप काढले, ते एवढ्यासाठीच की खोदणाऱ्याला खाली काय आहे हे आधी कळावे. अज्ञानाने केबली तुटतात, ज्ञानाने नव्हे. ज्या शहराच्या लालबागेकडील भागात १६१५ च्या सुमारास भूगर्भजाणकार तबकुतुल अर्जाने सातपुड्याच्या पोटातले पाणी कुंड्यांच्या मालिकेतून शहरापर्यंत आणले, त्या शहराने तरी जमिनीखालच्या कामांबद्दलचे अज्ञान हा बचावाचा मुद्दा करू नये. नकाशातला एखादा भाग खरोखर झाकावयाचा असेल, तर कलम १० तेवढा भाग वगळून बाकीचे देण्याची वाट दाखवते. इंग्रजांनी पेशव्यांचे दप्तर दीर्घकाळ संशोधकांना मोकळे केले नव्हते. पुढे सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले आणि त्यामुळे साम्राज्याचा एक चिराही ढासळला नाही.

तिसरा पक्ष म्हणतो, आता सारे पोर्टलवर आहे, अर्ज कशाला? मे २०२२ पासून गतिशक्ती संचार पोर्टल चालू आहे हे कोणी नाकारत नाही. परंतु ते मुख्यतः कंपनी आणि परवानगी देणारे कार्यालय यांच्यातील व्यवहारासाठी उभे केलेले आहे. आपल्या बोळातला खचलेला चर कोणाच्या हुकमाने खणला गेला हे शोधण्यास दप्तरच गाठावे लागते. येथेच बहुतेकांचा घोटाळा होतो, कारण ते कंपनीच्या नावाने शोधू लागतात. शोध रस्त्याच्या मालकीवरून घ्यावयाचा असतो. शहरातील गल्लीबोळ निगमाचे, काही मोठे रस्ते लोक निर्माण विभागाचे. इंदूर-इच्छापूर महामार्गाचे दप्तर आणखी निराळ्या हाती. रुळांखालून केबल गेली असेल तर मध्य रेल्वेचा भुसावळ विभाग. आणि चर न खणता विजेच्या खांबांवरून तारा ओढल्या असतील, तर पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनी. एकच केबल अशी चार-पाच दप्तरांतून धावते. अर्ज चुकीच्या दारी गेला तरी घाबरण्याचे कारण नाही: कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे हे लोक सूचना अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. आपल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाची राजभाषा एवढ्याच भाषांतील अर्ज मान्य करतो. म्हणून बऱ्हाणपुरात अर्ज हिंदीतच द्यावा. ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी मागणे लिहून घेण्यास साहाय्य करणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि माहिती का हवी याचे कारण सांगण्याचे बंधन अर्जदारावर मुळीच नाही.

अशा अर्जांनी कार्यालये ठप्प होतात, ही तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंडोपाध्याय प्रकरणात सरसकट व अव्यवहार्य मागण्यांविरुद्ध कानउघाडणी केली आहे, आणि कार्यालयात जी माहिती नाही ती नव्याने तयार करून द्यावी लागत नाही असेही सांगितले आहे. अधिकारीवर्ग हा उतारा तोंडपाठ म्हणतो. मात्र त्याच निर्णयाने विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला, हे सोयीस्करपणे विसरतो. त्यातून अर्जदाराने घ्यावयाचा बोध एवढाच की प्रश्न न विचारता कागद मागावे. ‘रस्ता का खचला?’ याला उत्तर येत नाही. अमुक रस्ता, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, केबलसाठी रस्ता कापण्याचे अर्ज, मार्गनकाशे, मंजुरीचे आदेश, शुल्काच्या पावत्या, बँक गॅरंटी आणि रस्ता पूर्ववत केल्याची मोजमाप पुस्तिकेतील नोंद, असे मागितले तर कारकुनाला एकच नस्ती काढावी लागते. त्याहून बरे म्हणजे आधी नस्तीचे निरीक्षण मागावे आणि मग लागतील तेवढ्याच पानांच्या नकला घ्याव्या. कलम २(ञ) मध्ये कामाचे निरीक्षण व साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. चर बुजवताना काँक्रीट वापरले की नुसती माती, हे त्या नमुन्यावरून कळते, आणि ठेकेदाराला जितकी या नमुन्याची धास्ती वाटते तितकी कोणत्याही मोर्चाची वाटत नसावी.

‘परवानगीचा आदेशच नाही’, असे उत्तर आले तर पुष्कळ अर्जदार हात टेकतात. तेथे तर खरी मेख आहे. २०१६ च्या नियमांत साठ दिवसांच्या आत मंजुरी वा नकार न कळवल्यास परवानगी मिळाली असे मानले जात होते. म्हणजे निगम गप्प बसला तरी मंजुरी झाली, आणि त्या मंजुरीचा कागद मात्र कोठेच नाही! अशा वेळी आदेश शोधण्यात काळ दवडू नये. बारनिशीतील आवक नोंदीची नक्कल मागावी, तीवरची तारीख मोजावी, आणि त्या साठ दिवसांत नस्ती कोणकोणत्या टेबलांवर पडून होती त्याचे शेरे मागावे. परवानगी कोणाच्या मौनातून जन्मली, हे त्या शेऱ्यांवरून उघड होते. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते; दोषी अधिकाऱ्यास आयोग दररोज २५० रुपयांप्रमाणे २५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो.

खरे पाहता ही सारी यातायात नागरिकाच्या माथी येण्याचे कारणच नव्हते. कलम ४(१)(ख) प्रमाणे आपण दिलेल्या परवानग्या व त्या मिळवणाऱ्यांचा तपशील कोणी मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करणे हे सार्वजनिक संस्थेचे कर्तव्य आहे. निगमाने रस्ता कापण्याच्या परवानग्यांची एक फेरिस्त ठेवावी, तीत रस्ता, लांबी, खोली, मुदत, जामिनाची रक्कम आणि रस्ता पूर्ववत झाल्याची तारीख असे रकाने असावेत, आणि ती वॉर्डाच्या कार्यालयात भिंतीवर लावावी. शेवटचा रकाना रिकामा असेपर्यंत कंपनीची बँक गॅरंटी परत करू नये.