लोकरीचा स्वेटर: धुवा, पण पिळू नका



थंडी सरत आली. एका भगिनीने विचारले आहे: नानीने हाताने विणलेल्या बाळाच्या स्वेटरला लघवी लागली. पाक करायचा तर तीनदा धुऊन पिळायला हवा, आणि पिळला तर स्वेटरचे वाटोळे होते. करायचे काय?

हनफी फिकहच्या किताबांत याची सोय आहे. कपडा नाजूक असेल तर जोर लावून पिळण्याची सक्ती नाही. जे मुळीच पिळता येत नाही ते तीनदा धुवावे आणि दर वेळी पाणी टपकायचे थांबू द्यावे. कोकणातल्या शाफई घरांत नजासत निघून गेल्यावर एकदा पाणी वाहवणे पुरते. शंका असेल तर आपल्या मसलकाच्या आलिमांना विचारावे, पण स्वेटरला मोगरीने बडवू नये.

लोकरीचा तंतू म्हणजे केसच. त्यावर माशासारखी बारीक खवले असतात. गरम पाणी, खारा साबण आणि घासणे हे तिन्ही एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून बुरणुसासारखा घट्ट होतो. मग तो पुन्हा सैल होत नाही. म्हणून कपड्यांची नेहमीची पावडर नको, क्लोरीनचे ब्लीच तर मुळीच नको. त्याने लोकर विरघळते. रिठ्याचे पाणी किंवा लोकरीसाठी मिळणारा द्रव साबण घ्यावा. पाणी हाताला जेमतेम कोमट लागावे, आणि खळबळायचे पाणीही तितकेच कोमट. स्वेटर उलटा करून पाच-दहा मिनिटे बुडवावा, तळव्यांनी दाबावा. उचलताना खालून दोन्ही हातांचा आधार द्यावा, कारण ओला स्वेटर स्वतःच्याच वजनाने लोंबतो.

नंतर जाड टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करावी आणि दाबावी. पाणी टॉवेल पिऊन घेतो. वाळवायला दोरी नको. बाजेवर चादर अंथरून, बाह्या सरळ करून, सावलीत आडवा ठेवावा.

आता एक गोष्ट. हिवाळ्यात रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारे बरेच स्वेटर ॲक्रिलिकचे असतात. आतल्या शिवणीचा एक धागा काढून, मुलांपासून दूर, चिमट्यात धरून जाळून पाहा. केस जळल्याचा वास येऊन राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक काळा मणी झाला तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिक आटत नाही, पण गरम इस्त्री लागली की कायमचे सैलावते.

कपाटात ठेवण्यापूर्वी धुणे आवश्यकच. घाम आणि सालनाचे डाग राहिले की कसर तिथेच आधी लागते. पूर्ण वाळलेला स्वेटर घडी घालून सुती उशीच्या अभ्र्यात ठेवावा, हँगरला नको. सुकवलेला कडुलिंबाचा पाला घालायची आपल्याकडची रीत चांगली, पण तेवढ्यावर विसंबू नये. पावसाळ्यानंतर एकदा कपडे काढून उन्हात झटकावेत.

डांबराच्या गोळ्या मात्र बाळाच्या कपड्यांत ठेवू नका. नॅफ्थलीनच्या वाफेने काही नवजात बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. जी सिक्स पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांना हा धोका फार मोठा आहे, आणि तपासणीशिवाय ती कमतरता कळत नाही. गोळ्यांत ठेवलेले जुने टोपडे, कानटोपी किंवा दुलई काढली असेल तर आधी धुवा, दोन-तीन दिवस हवेशीर ठेवा आणि वास पूर्ण गेल्यावरच बाळाला घाला.